झाकणावरची सिंगल बेल

स्टीलच्या डब्याच्या झाकणावर चमचा एकदा वाजला, की आमचा हात जागच्या जागी थांबायचा. दोनदा वाजला, की पुन्हा घास सुरू. बसमध्ये नोकरी केलेल्याला हे वेगळं सांगायला नको, पण तुम्ही बहुतेक प्रवासी असाल म्हणून सांगते: कंडक्टरने एक घंटी दिली की ड्रायव्हरने गाडी थांबवायची, दोन दिल्या की सोडायची. आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत हा कारभार उलटा झाला होता. घंटी ड्रायव्हरच्या हातात आणि थांबायचं कंडक्टरने. "ताई, तीस वर्षं तुम्ही लोकांनी वाजवली आणि आम्ही ऐकली," ते म्हणायचे, "आता अर्धा तास आमची ऐका."

हे म्हणजे चाचा. माझे ड्रायव्हर. डेपोत लहानथोर सगळे त्यांना चाचाच म्हणत. आमची गाडी स्वारगेट ते वाघोली. तुम्ही कधी सकाळी त्या गाडीत उभ्याने गेला असाल, तर मी तुमच्यावर ओरडले असेनच. "पुढे सरका, पुढे जागा आहे, वाघ नाही बसलेला!" हे माझंच वाक्य. चाचा कुणावर ओरडत नसत. त्यांचा सगळा अभिमान ब्रेकमध्ये होता. उभ्या माणसाला ब्रेक लागल्याचं कळता कामा नये, असं ते म्हणत आणि तसाच लावत. त्यांच्या गाडीत मी दांडी न धरता सुटे पैसे मोजत असे. दुसऱ्या कुणाच्या गाडीत ते करून पाहिलं आणि एका गृहस्थांच्या मांडीवर जाऊन बसले, ते वेगळं.

डेपोत दरवर्षी आमची तपासणी व्हायची. त्या वर्षी आम्हा दोघांच्याही रक्तात साखर निघाली. मला डॉक्टरांनी गोळी दिली, चालायला सांगितलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. ड्रायव्हरचं तसं नसतं. चाचांना त्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली. तोवर साखर खाली आली नाही तर स्टिअरिंग बंद आणि गेटवरची ड्यूटी. म्हणजे खुर्ची टाकून बसायचं आणि आत-बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहायचे. निवृत्तीला अडीच वर्षं राहिली होती. चाचांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्या फेरीत ते एकच वाक्य बोलले.

"दुसऱ्यांच्या गाड्या लिहीत बसायचं? आपण नाही."

डॉक्टरांचं म्हणणं सोपं होतं. गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि भात, पोळी, भाकरी, बटाटा, साखर अगदी कमी करायचं. सोपं म्हणजे ऐकायला. आमच्या डब्यात याशिवाय असायचं काय? दोन पोळ्यांच्या आडोशाला चमचाभर भाजी. शिवाय आमच्या विश्रांतीच्या खोलीत एक रीत होती. खाली वर्तमानपत्र पसरायचं, सगळे डबे मधोमध उघडायचे आणि ज्याचा हात जिथे पोचेल तिथे घालायचा. आपला डबा पुढे ओढून एकट्याने जेवणं म्हणजे भांडण झाल्याची खूण. स्वतःच्या डब्यातली भाकरी माणूस टाळू शकतो. दुसऱ्याने आग्रहाने पुढे केलेली कशी टाळणार?

चाचांनी यावर फार विचार केला असं नाही. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रावर बसले आणि जाहीर केलं, "मधे ठेवायचं ते सगळ्यांना चालेल असंच ठेवायचं. ज्याला पोळी पाहिजे त्याने तिकडे बाकावर बसावं." बाकावर बरेचजण गेले. खाली चौघे उरलो. चाचा, मी, कंट्रोलर साहेब आणि वर्कशॉपमधला फिटर. कंट्रोलर साहेब सदाशिव पेठेतले, गाड्यांच्या वेळा सांभाळणारे आणि शब्द मोजून वापरणारे. त्यांना साखर होतीच आणि बोटाला टोचून ती मोजायचं यंत्रही त्यांच्याकडेच होतं. फिटर लोणीकंदच्या पुढच्या एका गावातला, धडधाकट. त्याला काहीच झालेलं नव्हतं. तो केवळ चाचांसाठी खाली बसला. चमचा चाचांच्या हातात: कुणी जास्त वाढून घ्यायला लागलं, की झाकणावर एक.

पहिला आठवडा वाईट गेला. मी वांग्याचं भरीत आणलं, दह्यातलं, वरून कच्चा कांदा. चमच्याने खायचं.

"आवं, भाकरीबिगर भरीत म्हंजी काय हाय? नुसतं वांगंच की!" फिटर म्हणाला.

"वांगंच आहे ते," कंट्रोलर साहेब म्हणाले. "भरीत म्हटल्याने त्याला बढती मिळत नाही."

मग मी हट्टाला पेटले. फ्लॉवर किसला, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली, हळद, मिरची, वरून कोथिंबीर, आणि फोडणीचा भात म्हणून पुढे ठेवला. साहेबांनी दोन चमचे खाल्ले, थोडा वेळ समोरच्या भिंतीकडे पाहिलं आणि निकाल दिला, "भात म्हणून टाकाऊ. फ्लॉवर म्हणून उत्तम." पण तिसरा चमचा घेतला. पुण्यात याहून मोठं कौतुक मिळत नाही, म्हणून तो पदार्थ आठवड्यातून दोनदा ठरला.

हळूहळू हात बसला. कोबीची पचडी, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, मुगाच्या डाळीचं पातळ धिरडं माणशी एकच, शेपू, घेवडा, घट्ट ताक. चाचांच्या घरून चाची खिमा पाठवायच्या, कोबीच्या पानात गुंडाळून वाफवलेला. फिटर त्या दिवशी जेवणाआधीच हात धुऊन बसायचा. साहेबांसाठी वेगळ्या छोट्या डब्यात पनीरची भुर्जी असायची आणि सोबत निरोप, "त्यांना सांगा, नवी कढई आणलीय, यात कधी दुसरं काही शिजलेलं नाही." साहेबांनी पहिल्या दिवशी तो डबा घासून, पुसून, त्यात तळलेले शेंगदाणे भरून परत पाठवला. त्यांना "आभारी आहे" म्हणायला जमत नसे.

मी मधेच एकदा घसरले. वाघोलीला गाडी लागली होती, भूक लागली होती, आणि गाडे समोर होते. गाडीच्या मागे उभी राहून मी वडापाव खात होते. अर्धा संपला असेल, तेवढ्यात आरशाच्या बाजूने खिडकीच्या काचेवर एक टक् आवाज झाला. एकच. मी वर पाहिलं तर आरशात चाचा.

मला वाटलं आता डेपोत माझी वरात निघणार. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. गाडी सुटायच्या आधी फक्त म्हणाले, "ताई, मला एकट्याला नाही जमत हे. घरी रात्री डोळ्यांसमोर भात दिसतो. तुम्ही तिघं करताय म्हणून मी करतोय." इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे सुटे पैसेसुद्धा मागितले नव्हते. मला फार लाज वाटली. त्यानंतर मी वडापाव खाल्ला नाही असं म्हणणार नाही, पण त्या तीन महिन्यांत नाही.

आता आमच्या शहाणपणाची गोष्ट सांगते. दीड महिना झाला, यंत्रावरचे आकडे उतरत होते, आणि एकादशी आली. साहेब म्हणाले, "उद्या काळजीच नाही. उपास आहे. पोळी नाही, भात नाही." फिटर म्हणाला, त्याचाही असतो. माझाही होता. चाचा म्हणाले, "मग मी काय एकटा खाऊ? मीही धरतो. आमच्यात उपवास म्हणजे पाण्याचा थेंबही नाही. तुमचा कसा असतो ते बघू तरी."

कसा असतो? मी साबुदाण्याची खिचडी आणली, बटाटा घालून. साहेबांनी रताळ्याचा कीस आणि वरी. फिटरने राजगिऱ्याचे लाडू आणि बटाट्याच्या पापडांची पिशवी. त्या दिवशी चमचा झाकणावर एकदाही वाजला नाही. उपासच होता, थांबवायचं कशाला? चाचा खिचडी तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाले, "हा उपवास फार चांगला आहे, ताई. महिन्यात किती वेळा असतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बोटं टोचली आणि यंत्र पाहून चष्मा पुसला. मग पुन्हा टोचली. फिटर म्हणाला, यंत्र बिघडलं, आणि सेल काढून बघायला लागला. यंत्राला काही झालेलं नव्हतं. चाचांनी घरी विचारलं तेव्हा चाची हसून लोटपोट झाल्या. साबुदाणा म्हणजे निव्वळ पीठ, एवढं तुम्हा चौघांत एकालाही ठाऊक नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. ठाऊक होतं हो. पण उपासाला चालतं ते सगळ्याला चालतं, हे आमच्या हाडात मुरलेलं. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण मी शाळेत लिहिली होती आणि मार्कही मिळवले होते.

साहेब आठवडाभर स्वतःवर चिडलेले होते. चाचा चिडले नाहीत, पण हसलेही नाहीत. कॅलेंडर काढून उरलेले दिवस मोजले आणि म्हणाले, "एक दिवस गेला. बाकीचे आहेत." त्या दिवसापासून ते दोन थांबे आधी गाडीतून, म्हणजे घरी जातानाच्या गाडीतून, उतरून चालत जायला लागले. ईदला ते दरवर्षी आमच्यासाठी शीरखुर्म्याची किटली आणत. त्या वर्षी बकरी ईदला मटणाचा डबा आला, आणि साहेबांसाठी पालक-पनीर. "शीरखुर्मा घरी केलाय, पाहुण्यांसाठी," ते म्हणाले. "मी वास घेतला. वासाने काही वाढत नाही."

तीन महिन्यांनी ते तपासणीच्या खोलीतून बाहेर आले आणि आमच्यासमोर कागद धरला. फिट. फिटरने त्यांना उचललंच. साहेब म्हणाले, "अभिनंदन. साडेअकराची गाडी चार मिनिटं लेट आहे." आणि तोंड फिरवून डोळे पुसले, ते मी पाहिलं.

इथे संपवता आलं असतं तर मला आवडलं असतं.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी, सकाळच्या फेरीत, खराडी बायपासच्या थांब्यावर गाडी थांबली ती सुटेना. मी दोन घंट्या दिल्या, पुन्हा दिल्या. चाचांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि मागच्या दाराशी आले. "सगळ्यांना मागच्या गाडीत बसवा, ताई."

"काका, मला दहाला लॉगिन करायचंय, प्लीज!" एक मुलगी म्हणाली. बाकीचे ज्या शब्दांत बोलले ते लिहिण्यासारखे नाहीत. गाडी रिकामी झाल्यावर मी विचारलं, काय बिघडलं.

"काही नाही. गाडी चांगली आहे." ते पायरीवर बसले. "आत्ता ब्रेकवर पाय आहे की नाही, ते मला खाली वाकून बघावं लागलं. कळलंच नाही. मागच्या आठवड्यात एकदा झालं, मला वाटलं बूट घट्ट आहे. आज पुन्हा झालं. ड्रायव्हरने खाली बघायचं नसतं, ताई."

गाडी वाटेत उभी राहिली की कंडक्टरने कागदावर कारण लिहायचं असतं. मी पेन काढलं आणि म्हटलं, "ब्रेकचा प्रॉब्लेम लिहिते. आज दवाखान्यात जा, मग बघू. तुमच्याकडे फिटचा कागद आहे चाचा, कोण विचारतंय?"

"गाडीवर आळ नको."

"अहो, किती केलंत तुम्ही! तीन महिने..."

"ते गाडी चालवायला केलं. लोकांच्या अंगावर घालायला नाही. लिहा. ड्रायव्हरच्या पायाला ब्रेक समजत नाही. लिहा, मी सही करतो."

मी लिहिलं. माझ्या हाताने लिहिलं, आणि त्यांनी खाली सही केली, मराठीत, ठसठशीत.

पुढचं थोडक्यात सांगते. डॉक्टर म्हणाले, साखर उतरवली ते बरंच केलं, पण पायातल्या नसांचं दुखणं जुनं आहे. चाचा उरलेली वर्षं गेटवर बसले, गाड्यांचे नंबर लिहिले, एकही चुकवला नाही. डबा बदलला नाही. "आता कशाला, चाचा?" असं फिटरने एकदा विचारलं, तर म्हणाले, "दुसरा पाय आहे ना अजून." निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे राहायला गेले, आणि दोन वर्षांपूर्वी तिकडेच वारले. खाली बसणारे आता आम्ही तिघेच.

पण मला ते दिसतात ते त्या सकाळचे. डेपोतून दुसरा ड्रायव्हर आला आणि रिकामी गाडी स्वारगेटकडे निघाली. चाचा खिडकीपाशी प्रवाशाच्या सीटवर बसले, मी समोर. इतकी वर्षं मी त्यांची पाठ पाहून काम केलं होतं. चालत्या गाडीत त्यांचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. ते माझ्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते. येरवड्याच्या अलीकडे सिग्नल लाल झाला. गाडी थांबली, मला दांडी धरावी लागली. त्याच्या क्षणभर आधी, पायाखालच्या मोकळ्या पत्र्यावर, चाचांचा उजवा पाय अलगद खाली दाबला गेला होता.