एकशेवीस खाटांची मावशी

कवळी हरवो, कानातलं यंत्र हरवो, नाहीतर आपण कोण हेच माणसाला आठवेनासं होवो, आमच्या मावशीच्या हद्दीत हरवलेली कुठलीही गोष्ट संध्याकाळच्या चहाच्या आत सापडलीच पाहिजे. मावशी खरं तर माझ्या बायकोची, पण मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावातली निम्मी मराठी मंडळी तिला मावशीच म्हणतात. उरलेली निम्मी तिला बिचकून असतात, कारण ती भेटल्याबरोबर प्रश्न विचारते. ती एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना कायमचं ठेवून सांभाळणाऱ्या ठिकाणी, सोशल वर्कर आहे. आता सोशल वर्कर म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर ब्लँकेटं वाटणारी आणि हार घालून घेणारी कुणीतरी अध्यक्षीणबाई उभी राहते. गणपतीच्या कार्यक्रमात एका काकांनी मोठ्या कौतुकानं तिला विचारलं, "वा वा, समाजसेवा करता! फावल्या वेळात का?" मावशीनं हातातली मोदकाची प्लेट खाली ठेवली. म्हणाली, "फावल्या वेळात नाही, फुल टाइम करते. पगार घेते. त्यासाठी इथल्या कॉलेजात पोरासोरांच्या शेजारी बसून डिग्री केली, आणि वर वर्षभर एका सीनियर बाईंच्या हाताखाली राबले. कायद्याच्या भाषेत त्याला क्वालिफाइड म्हणतात. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन तुम्ही फावल्या वेळातल्या माणसाकडून करून घेतलंत का?" काकांनी गुडघा चोळला आणि ते आरतीच्या तयारीला निघून गेले.

तिच्या कामाचं वर्णन करायचं तर पंचाईतच होते. औषध देणं नर्सचं काम, अंघोळ घालणं मदतनीस बायकांचं, स्वयंपाक किचनचा. या सगळ्यांच्या मधल्या फटीतून जे जे खाली पडतं ते मावशीचं. मुलाचा फोन येत नाही, खोलीतला जोडीदार घोरतो, नवरा गेल्यावर घर विकलं गेलं आणि ते आजींना कुणी सांगितलंच नाही, असलं सगळं. आणि कवळ्या! नर्सिंग होममधली म्हातारी माणसं जेवताना कवळी काढून पेपर नॅपकिनात गुंडाळून ट्रेमध्ये ठेवतात, आणि ट्रे जातो थेट कचऱ्यात. हातमोजे चढवून किचनची पिंपं उपसणारी डिग्रीवाली बाई मी दुसरी पाहिली नाही. एकदा दोन आजींच्या कवळ्यांची अदलाबदल झाली. दोघीही शपथेवर सांगत होत्या की तोंडात आहे ती माझीच. मावशीनं वाद घातला नाही. तिनं दोघींना एकेक सफरचंद दिलं आणि शेजारी खुर्ची टाकून बसली. दुसऱ्याच घासाला एकीची कवळी सफरचंदातच राहिली. तरी ती आजी म्हणे, "असेल तिची, पण ही जास्त पांढरी आहे, मी हीच ठेवते!" त्यावर मावशीनं त्या आजीची स्वतःची कवळी डेंटिस्टकडून घासून चकचकीत करून आणली, तेव्हा कुठे तह झाला.

तिथे एक निवृत्त आजोबा आहेत, आयुष्यभर शाळेची पिवळी बस चालवलेले. दुपार कलली की ते अंगात जाकीट घालतात आणि दाराशी जाऊन उभे राहतात, कारण शाळा सुटायची वेळ झालेली असते आणि पोरं थंडीत ताटकळत असतात. सगळे त्यांना समजवायचे, अहो तुम्ही रिटायर झालात. आजोबा चिडायचे, दारावर बुक्क्या मारायचे, मग त्यांना शांत करायला गोळी द्यावी लागायची. मावशीनं त्यांच्या मुलीला फोन करून करून त्यांची सगळी नोकरी समजून घेतली, आणि मग एक दिवस शांतपणे त्यांच्यापाशी जाऊन म्हणाली, "आज स्नो डे आहे. बर्फामुळे शाळा बंद." बाहेर जुलैचं कडक ऊन. आजोबांनी ऊन पाहिलं, मावशीकडे पाहिलं. "ऑफिसातून निरोप आलाय?" "आलाय." आजोबांनी जाकीट काढलं आणि आरामात टीव्हीसमोर जाऊन बसले. तेव्हापासून मिशिगनमध्ये एखाद्या वर्षी बर्फ कमी पडेल, पण मावशीच्या होममध्ये तो बारा महिने पडतो. "हे खोटं बोलणं नाही का?" मी एकदा तिला डिवचलं. "अरे, त्यांना बस नाही चालवायची. पोरं नीट घरी पोचली ना, एवढंच त्यांना ऐकायचं असतं," मावशी म्हणाली.

हीच बाई सुट्टीच्या दिवशी आमच्या घरी आली की मात्र घराचं नर्सिंग होम होतं. "झोप लागते का? भूक कशी आहे? मन मोकळं करायला कुणी आहे का?" हे प्रश्न ती मला विचारते, बायकोला विचारते, फ्रीज दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही विचारते. आमची लेक तर तिला स्पष्टच म्हणाली, "मावशीआजी, आर यू असेसिंग मी?" "हो," मावशी म्हणाली, "आणि तू भाज्या खात नाहीस असं आत्ताच लिहून ठेवलंय." पुण्याहून नुकताच आलेला माझ्या टीममधला एक मुलगा जेवायला आला होता. पट्ठ्या तासभर कोडिंगवर बोलत होता. मावशीनं श्रीखंड वाढता वाढता सहज विचारलं, "संध्याकाळी घरी गेल्यावर दिवा कोण लावतं रे?" तर तो ताटावरच रडायला लागला. बायको माझ्याकडे बघायला लागली, मी श्रीखंडाकडे. मावशीनं त्याला आणखी एक पुरी वाढली, आणि आता तो दर रविवारी तिच्याकडे जेवायला असतो.

या सगळ्या व्यापाला कायद्याचा आधार आहे, आणि तो कायदा मावशीला पाढ्यासारखा पाठ आहे. ज्या नर्सिंग होममध्ये एकशेवीसच्या वर खाटा असतील, तिथे पूर्ण वेळेचा क्वालिफाइड सोशल वर्कर ठेवावाच लागतो. एकशेवीसच्या वर, हं! एकशेवीस धरून नाही. हा आकडा तिच्या इतका डोक्यात बसलाय, की लग्नाच्या हॉलमध्ये शिरताच ती खुर्च्यांवरून नजर फिरवते आणि म्हणते, "इथे माझी पोस्ट लागते." मग खरोखरच ती कोपऱ्यात एकट्या बसलेल्या कुणाच्या तरी सासूबाईंना हुडकून काढते.

आणि याच आकड्यानं तिचा घात केला. गेल्या हिवाळ्यात होम विकलं गेलं. नव्या मालकानं दोघादोघांच्या काही खोल्या एकेकट्याच्या केल्या, भिंतींना रंग दिला, लॉबीत माशांची काचपेटी आणली, आणि खाटा उरल्या बरोब्बर एकशेवीस. झालं! मावशीची पोस्ट ठेवायची सक्ती संपली. तिचं काम म्हाताऱ्यांना बिंगो, म्हणजे आपली हाउजी, खेळवणाऱ्या मुलीनं जमेल तसं बघावं असं ठरलं. मुलगी गुणी होती, पण बिंगोतच तिचा जीव जात होता. "म्हणजे एकशेएकविसावा माणूस होता तोवर सगळ्यांना दुःख होतं," मावशी आमच्या किचनमध्ये कडाडली, "तो उठून गेला, आता उरलेले एकशेवीस मजेत!"

पण खरा घोळ पुढेच झाला, आणि तो मावशीनंच केला. नवा अॅडमिनिस्ट्रेटर पोरगेला, भला माणूस. त्यानं तिला बोलावून सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुम्हाला राहायचं असेल तर मी वरच्यांशी भांडून बघतो. राहायचंय का तुम्हाला?" यावर आमची मावशी, जिनं म्हाताऱ्यांच्या हक्कासाठी मोठमोठ्या डॉक्टरांना घाम फोडलाय, ती काय म्हणाली असेल? "नको नको! माझ्यासाठी तुम्ही कशाला वाईटपणा घेता!" त्यानं तिचा हात हातात घेतला, समजून घेतल्याबद्दल मनापासून आभार मानले, आणि शुक्रवारी निरोपाचा केक आणायचा ठरवून टाकला.

"त्यानं दुसऱ्यांदा विचारलंच नाही ना, बाप्पा!" घरी येऊन मावशी मटकन खुर्चीत बसली. तिचं माहेर नागपूरचं. जिथे पहिल्या 'नको'ला पोळी ताटात पडते, दुसऱ्या 'नको'ला त्यावर तूप, आणि तिसऱ्यानंतर यजमान रुसतात, अशा घरात ती वाढलेली. इतकी वर्षं अमेरिकेत काढली, पण स्वतःसाठी काही घ्यायची वेळ आली की जीभ नागपुरातच वळते. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, कार कंपनीतून रिटायर झालेले, पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "एकदाच विचारलं? म्हणजे तो पुण्याचा असणार." मी पुण्याचा आहे, त्यामुळे हे माझ्याकडे बघून म्हटलं गेलं. एरवी मावशी खदखदून हसली असती. त्या दिवशी हसली नाही. "शुक्रवारनंतर त्या बसवाल्या आजोबांना कोण सांगणार, शाळा बंद आहे म्हणून?" एवढंच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या भल्या अॅडमिनिस्ट्रेटरचा आणि त्याहून जास्त मावशीचा राग आला. "मग जा आणि सांग त्याला!" मी म्हणालो. "काय सांगू?" "की तुला नोकरी पाहिजे!" "असं कसं म्हणायचं रे, तोंड वर करून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच तिला घेऊन निघालो. रस्त्यात बर्फ होता. गाडीत मी तिच्याकडून वाक्य घोटून घेत होतो. "म्हण, मला ही नोकरी हवी आहे." "तुम्हाला जमत असेल तर मला ही..." "जमत असेल तर नाही, मावशी!" "बरं. फार अडचण होणार नसेल तर..." होम येईपर्यंत आमचं हेच चाललं होतं. ती त्याच्या ऑफिसात गेली, मी बाहेर माशांसमोर बसलो. दार उघडंच होतं. आत जाऊन तिनं पहिलं काय विचारलं असेल? "तुमच्या आईची तब्येत कशी आहे?" आणि तो बिचारा सांगायला लागला. आईचं पडणं, बहिणीशी भांडण, सगळं सगळं. मी कपाळावर हात मारला. मग मावशीचा आवाज आला, बारीक, पण स्वच्छ. "मी काल नाही म्हणाले. ते खरं 'नाही' नव्हतं. आय वाँट धिस जॉब. या माणसांना मी लागते, आणि मला ती लागतात." तो इतका चक्रावला की खुर्चीतून उठून उभा राहिला. "मग काल का नाही सांगितलंत? मी तर रात्रभर हळहळत होतो!"

त्यानं तिथल्या तिथे वरच्यांना फोन लावला आणि भांडला, खरंच भांडला. पण पूर्ण वेळेची पोस्ट काही मिळाली नाही, आठवड्याचे तीन दिवस मिळाले. परतताना मावशीनं गाडीचा पट्टा लावला. "स्वतःसाठी पहिल्यांदाच मागितलं रे काही," ती म्हणाली. "लाज वाटली?" "वाटली. पण आणखी दोन दिवस मागायला हवे होते."

ती आता थकलीय. जिना चढताना कठड्याला धरते, आणि माझ्या बायकोनं हात पुढे केला की "नको गं" म्हणते. तिचं वय वाढतंय याचा मला चक्क राग येतो, आणि यात माझा स्वार्थ आहे हे मी लपवत नाही. आमची लेक उद्या कुठल्या तरी दुसऱ्या स्टेटमध्ये असेल. आम्ही दोघं असल्याच एखाद्या रंग दिलेल्या होममध्ये, खिडकीजवळच्या खाटेवर. कुणीतरी भली मुलगी दारात डोकावून विचारेल, काही हवंय का? आम्ही सवयीनं नको म्हणू, आणि ती थँक यू म्हणून पुढच्या खोलीकडे जाईल.