टायगर आणि सात टोप्या

पशुवैद्यक हा मुक्या जिवांचा आवाज असतो, असं माझ्या निवृत्तीच्या समारंभात सांगितलं गेलं. टायगरला तशी गरज नव्हती. सोनाळ्याच्या सुधाकरभाऊंनी त्याला दवाखान्यात आणलं, तेव्हा शिपायाची टोपी पाहून तो असा भुंकला की तपासणीला आलेली म्हैस दावं तोडून गेली.

"साहेब, तीन हप्त्यानं पोरीले पाहाले पाहुणे येऊन राह्यले. याले असं इंजेक्शन द्या का हा गाय झाला पाह्यजे."

"असं इंजेक्शन असतं तं पहिले आमच्या साहेबाले देलं असतं," मी म्हणालो.

भाऊ हसले नाहीत. "मंग याले सातपुड्यात सोडून येतो."

शेजारी त्यांची मुलगी दीपाली उभी होती. तिने साखळी हाताला आणखी एक वेढा देऊन धरली. कुत्रा तिचा होता.

अशा कुत्र्याला रिअ‍ॅक्टिव्ह म्हणतात. तो दुष्ट नसतो. भीती वाटली की आधीच गोंधळ घालतो, इतकंच. टायगरची भीती म्हणजे टोपी. टोपीवाला चाळीस पावलांवर असेपर्यंत तो दीपालीचं ऐकायचा. एकोणचाळिसाव्या पावलाला बहिरा व्हायचा.

टोपी दिसली की उकडलेल्या अंड्याचा तुकडा, असा रोजचा सराव दीपालीने केला. तीन आठवड्यांत चाळीसची पंचवीस पावलं झाली. मी खूश होतो. भाऊ नव्हते.

"भाऊ, हा बरा होनार नाही. सांभाळता येईल. त्या दिवशी याले गोठ्यातच ठेवा."

"हाव," भाऊ म्हणाले.

पाहुणे आले, सगळे बोडके. गोठ्यातून आवाज नाही. भाऊंना चेव आला. त्यांनी टायगरला अंगणात आणून बसवलं. "पाहा, कसा ट्रेन केला." टायगरने मुलाच्या वडिलांचा हात चाटला. भाऊंनी मलाही बोलावलं होतं; मी चहा घेत होतो. मलाही वाटलं, जमलं.

मग मानपान. आमच्याकडे टॉवेल-टोपीशिवाय पाहुणा पाहुणा होत नाही. भाऊंनी स्वतःच्या हाताने सात डोक्यांवर सात टोप्या घातल्या.

पुढचं वर्णन करत नाही. दोन पाहुणे खाटेवर चढले.

"बाबा, टोप्या काढा साऱ्याइच्या," साखळी धरून दीपाली म्हणाली. मुलाच्या वडिलांनी आपली टोपी काढून बुडाखाली घेतली. बाकीच्यांनीही तेच केलं. तिने टायगरला गोठ्याकडे वळवलं. तो गप्प झाला.

"तुयं आयकते का वं हा?" मुलाच्या वडिलांनी तिला विचारलं.

"पंचवीस पावलावरून."

"आमचं पोट्टं तं शेजारी बसूनबी आयकत नाही."

सोयरीक तिथेच ठरली. सातपुड्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

कुत्र्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हे पावलांत मोजावं. भाऊ शिकले. साखरपुड्याला त्यांनी टोप्या वगळून नुसते टॉवेल दिले. पाहुण्यांनी ते डोक्याला बांधले.

टायगर आता टॉवेलवरही भुंकतो.