उन्हातली वेळ

पालीजवळ आम्ही घर बांधायला काढलं, तेव्हा पाऊस नुकताच सरला होता. चार महिने भिजलेला कातळ आठवडाभरात इतका तापला, की दुपारी त्यावर अनवाणी उभं राहवेना. गवंडी म्हणाला, "बाई, ऊन कडक झालंय. आम्ही सकाळी सहाला सुरू करतो, बाराला थांबतो. चारनंतर परत येऊ."

मी नको म्हटलं, नऊ ते पाच काम करा म्हणून सांगितलं. मी शाळेत शिकवते; दिवाळीची सुट्टी होती, पण रत्नागिरीहून एसटीने पोचायला मला नऊ वाजत. मी नसताना हे चिरे कसेही लावतील, सिमेंट कमी घालतील, असं मनात होतं. ते मी बोलून दाखवलं नाही. "शेजाऱ्यांची झोपमोड होईल," एवढंच म्हणाले. जवळात जवळचं घर हाकेच्या पलीकडे होतं. गवंड्याने माझ्याकडे पाहिलं नि मान हलवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आंब्याखाली खुर्ची टाकून बसले होते. विजापूरकडून कामाला आलेली एक बाई, माझ्याच वयाची असेल, डोक्यावर सिमेंटच्या मालाचं घमेलं घेऊन फळीवरून चढत होती. मध्येच थांबली. मला वाटलं, दम खातेय. तेवढ्यात ती घमेल्यासकट खाली कोसळली. अंग चटका बसावा इतकं तापलं होतं. गवंड्याने तिला सावलीत आणून अंगावर पाणी ओतलं आणि टेम्पोतून आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

उष्माघात झाला होता, मनगटही मोडलं होतं. ती शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "भर दुपारी काम कोण करून घेतं?"

तीच पुटपुटली, "मी पाणी कमी प्याले, साहेब. माझंच चुकलं."

"सांगत असते मी यांना, पाणी पीत जा म्हणून," मी म्हणाले. मी कधीच सांगितलं नव्हतं. दाराशी उभा असलेला गवंडी टेम्पो वळवायला निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून काम सहाला सुरू झालं. मी नसताना रचलेल्या भिंती ओळंब्यात, अगदी सरळ होत्या. तिच्या झोपडीवर मी दोनदा गेले. खरं बोलायचं ठरवून गेले आणि हाताची चौकशी करून परतले. तिसऱ्यांदा गेले, तर नवरा तिला गावी घेऊन गेला होता.

आता आम्ही त्या घरात राहतो. गवंडी बाजारात भेटला की थांबून विचारपूस करतो. मीच घाईत असल्यासारखं दाखवते.