बसून करायचं काम

ताईला एवढी घाई कशाची होती? डॉक्टरांना विचारलं, याडीला, म्हणजे आईला विचारलं. ताईलाही विचारलं होतं. कोणी सांगितलं नाही. किस्से मात्र इतके साचलेत की एक सांगायला जावं तर दुसरा आधी तोंडात येतो. ती गेली त्याला महिनाही झाला नाही. तांड्यावरची पोरं मला बोलायला लावतात, कारण गप्प बसलो की मी कोणाच्याही अंगावर जातो.

ताई यवतमाळच्या कॉलेजात, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. मी नववीत शाळा सोडलेली, म्हणून तिच्यासोबत फिरायला मोकळा. तिच्या रक्तात सिकलसेल. फार वेळ उभी राहिली, उन्हात फिरली की हाडं ठणकायची, मग दवाखाना. शिक्षण संपलं की ती कापूस वेचायला जाऊ शकणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं. परीक्षेच्या आत तिला बसून करायचं काम शोधायचं होतं. दिसेल त्या नोकरीवाल्याला ती गाठायची.

*

आजोबांना सांगितलं, ताई करिअर शोधून राह्यली. ते सायकलच्या मागच्या कॅरिअरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्यात शोधाचं काय? आपण सारे कॅरिअरच. माह्या आज्यानं बैलावर मीठ लादून अर्धा मुलूख पालथा घातला."

*

राळेगावच्या एसटीत तिनं कंडक्टरला विचारलं, तुम्हाला बसायला मिळतं का. त्यानं आपली सीट दाखवली. तिथं एक म्हातारी, मांडीवर कोंबडी घेऊन.

"सीट माहीच हाये," तो म्हणाला. "बसाले बाकीचे हायेत."

सगळे हसले. ताईनं दांडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. मी समोरच्या पोराची कॉलर धरून त्याला उठवलं. उतरेपर्यंत तो मला शिव्या देत होता. ताई डोळे मिटून बसली होती.

*

एका सरकारी ऑफिसात टेबलामागच्या बाबूला तिनं अदबीनं विचारलं, "सर, तुम्ही दिवसभर बसूनच असता का?"

बाबू ताडकन उभा! "तक्रार कोणी केली?"

शेजारच्या टेबलावरचे दोघंही उठले. ताई सांगत होती, तक्रार नाही सर, मला हेच काम पाहिजे. पण आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या ऑफिसात कोणी खाली बसलं नाही.

*

कळंबला चिंतामणीचं देऊळ जमिनीखाली, तिथल्या पायऱ्या उतरताना ती ठीक होती. चढताना मध्येच खाली बसली. ओठ काळपटले, श्वास पुरेना. मी तिला पाठीवर घेतलं आणि वर आलो. फुलवाल्या मावशीनं विचारलं, नवस व्हय काय? मला बोलायला दम नव्हता.

पाठीवरून ताईच म्हणाली, "नाही मावशी. हे माह्यं करिअर."

*

शेवटच्या वेळी तिला यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं होतं. भर दुपारी तिनं ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. खाली एक्स-रे काढताना तिनं मशीनवाल्या मॅडमला पाहिलं होतं.

"काचेमागं खुर्ची होती," ती म्हणाली. "विचारून ये, काय शिकावं लागते."

मी म्हटलं, आधी बरी हो, मग विचारू.

"आत्ताच जा न रे."

गेलो. वॉचमननं अडवलं, त्याला ढकलून आत घुसलो. मॅडम आधी चिडल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून सगळं नीट सांगितलं. खुर्चीचं मी पुन्हा विचारलं, तर त्या उठल्या आणि मला बसवून दाखवलं.

जिना चढतानाच याडीचा आवाज ऐकू आला. कॉटभोवती पडदा ओढला होता. बापू, आमचे वडील, भिंतीला टेकून खाली बसले होते. नर्स म्हणाली, थांब. मी थांबलो नाही.

ताईच्या कानाशी वाकलो.

"तुह्यं सायन्स चालते," मी सांगितलं. "कोर्स इथंच होते. खुर्ची फिरती हाये."