आमच्या साडूंचं पोट

आमच्या साडूंच्या नुसत्या पोटाला रत्नागिरीत जो मान मिळाला, तो माझ्या सबंध देहाला आजवर मिळालेला नाही. सात वर्षं ते पोट अधूनमधून दुखत होतं आणि सात वर्षं मी त्यांच्यावर जळत होतो, हे कबूल करून टाकतो. जावई आम्ही दोघेही; पण सासुरवाडीला गेलं की सासूबाई मला म्हणायच्या, "बसा हो," आणि त्यांना, "पोट कसं आहे?" मग त्यांना वेगळा मऊभात, बेंबीवर हिंगाचा लेप, शेकायला ओव्याची पुरचुंडी. तीही माझी बायको गरम करून देणार आणि मी माडाखाली पडलेले नारळ वेचणार. एकदा मीही पोट धरून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "जास्त जेवलात हो तुम्ही."

येणारा प्रत्येक पाहुणा त्यांना नवा काढा सांगायचा. डॉक्टरचं नाव मात्र कोणी काढलं नाही. वाताचं दुखणं, असं घराने ठरवूनच टाकलं होतं. पण जळणारा माणूस बारीक बघतो. यंदा मे महिन्यात साडूंनी हापूसची फोड नाकारली. पट्ट्याला नवं भोक पाडलेलं दिसलं. पूर्वी जेवायला उशीर झाला की दुखायचं, आता पहाटे झोपेतून उठवत होतं. मी म्हटलं, "चला, दाखवून येऊ."

"काय डॉक्टर नि काय, वाताचं हो ते," असं ते म्हणत असतानाच मी त्यांना रिक्षात घातलं. हेतू शुद्ध नव्हता. डॉक्टरने 'काही झालेलं नाही' म्हणावं आणि ते मला सासूबाईंना ऐकवता यावं, एवढंच मनात होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठे दुखतं, कधीपासून, जेवणाआधी की नंतर, वजन उतरलंय का. सगळी उत्तरं मीच दिली. "पेशंट नक्की कोण?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "शौचाला डांबरासारखं काळं होतं का?" हे मला ठाऊक नव्हतं. साडू खाली बघत म्हणाले, "पंधरा दिवस होतंय. घरात नाही बोललो. घाबरतील हो सगळी."

बाई रागावल्या. "वरचेवर दुखणारं पोट एकदा तरी दाखवायचं असतं. आणि वजन उतरलं, दुखण्याने झोप मोडली, तर थांबायचंच नाही. काळं झालं तर त्याच दिवशी यायचं." लगेच दाखल करून दुर्बिणीने तपासायचं ठरलं. आत जाताना साडूंनी चष्मा माझ्या हातात दिला. "घरी हिला तुम्हीच सांगा. माझ्या पोटाकडे तुमच्याएवढं लक्ष कोणी दिलं नाही हो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अल्सर निघाला, त्यातून रक्त जात होतं. औषधांनी तो भरून आला. आता फोनवर ते आंब्याच्या कलमांचं सांगतात, मुलीच्या कॉलेजचं सांगतात, पोटाचा विषय काढत नाहीत. शेवटी मीच विचारतो. "उत्तम," म्हणतात. फोन ठेवल्यावर मी शेजारी ऐकत बसलेल्या बायकोला विचारतो, त्यांचा आवाज तुला नेहमीसारखा वाटला का.