कल्टी मार

ती मला दिसण्याआधी ऐकू आली. "काय बॉस, आज एकदम कडक!" इस्पितळाच्या खोलीतून आवाज आला आणि मी दारातच थांबले. पलंगावर माझे पती होते. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली होती आणि ती परत येईल, असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते. बोलत होती ती त्यांच्याकडून व्यायाम करून घेणारी मुलगी.

त्यांचा लुळा हात वर उचलताना ती रोज त्यांची फिरकी घ्यायची. "काका, भाव खाऊ नका. डोक्याला शॉट लावतेय ना मी? मग 'कल्टी मार' म्हणा, लगेच जाते."

"अगं, चिडतील ते," मी म्हटलं.

"चिडू द्या की, काकू! रागाच्या भरात तरी तोंड उघडतील."

एका सकाळी तिने त्यांची उशीच ओढली. "उठा, हिरो!"

त्यांचे ओठ थरथरले. "कल्टी... मार."

ती टाळ्या पिटत खोलीभर नाचली. मी मात्र तिचा हात धरून रडत बसले.

आता हे रोज मला पेपर वाचून दाखवतात, आणि प्रत्येक वेळी मला तिची आठवण येते. ती हल्ली लहान मुलांच्या वॉर्डात काम करते.