सुग्राबीच्या केसाची पारख

मोहिउद्दीनचाचा धारेची वस्तू कधी कोणाच्या हातात देत नसत. जमिनीवर ठेवत, समोरच्याने उचलायची. धार लावायचा दगड ओला असेपर्यंत बोलत नसत. डाव्या अंगठ्याचं नख जरा वाढवलेलं असे. ते ओलं करून त्यावरून वस्तऱ्याची धार हलकेच ओढत आणि कुठे अडते ते डोळे मिटून समजून घेत. उजव्या हातावर पांढरे केस दाट; डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत, कारण वस्तऱ्याची पहिली परीक्षा तिथेच व्हायची. माणूस भेटला की आधी त्याची हनुवटी बघत. "कोणं खरडली रे बावा?" असं विचारत आणि उत्तराची वाट न बघता आत जात.

दारव्ह्याच्या त्या गल्लीत शेजारी वैष्णवी राहत होती. मराठी घेऊन एम.ए. झाली होती आणि नोकरी मिळेपर्यंत घरीच होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चाचांच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा औषध घालायचं काम तिने अंगावर घेतलं. डोळे बरे झाले तरी तिचं जाणं थांबलं नाही. चाचांना मूलबाळ नव्हतं. बायको, सुग्राबी, चार वर्षांपूर्वी वारली होती. एके काळी तालुक्यातले न्हावी वस्तरे घेऊन त्यांच्या दारात बसत. पुढे सगळीकडे टाकून द्यायची ब्लेडं आली. आता कात्र्या यायच्या, विळ्या यायच्या. वस्तरा वर्षातून एखादा.

या वर्षीचा तो एक सदाशिवरावांनी आणला. ते जवळच्या खेड्यातले, चाचांच्याच वयाचे.

"भाई, हा माया बापाचा वस्तरा. मायं जावळ यानंच काढलं, पोराचं यानंच. आता नातवाचं हाये. आजपासून अकराव्या दिवशी."

चाचांनी वस्तरा उघडला. "यानं तुमी गवत कापत होते का?"

"सुनेनं पार्सलं फोडली असन."

"लेकराची टाळू नरम राह्यते, सदाशिवराव. केस पडला तर वस्तरा देईन. नाही पडला तर सलूनातलं ब्लेड लावा."

"तुमी असतांना ब्लेड कायले लावू? मी काय तुमच्या मयतीले आलो?"

दोघं हसले. वैष्णवीही हसली.

केस पडणं ही चाचांची शेवटची परीक्षा. एक लांब केस दोन बोटांत धरायचा, खालचं टोक मोकळं सोडायचं आणि तो धारेवर अलगद टेकवायचा. ओढायचा नाही, दाबायचा नाही. आवाज न करता तुटून पडला तर वस्तरा झाला. आणि तो केस चाळीस वर्षं सुग्राबीचाच.

"कोणाचाही का नाही चालत, चाचा?" वैष्णवीने एकदा विचारलं होतं.

"दुकानदार रोज वजनं बदलते का?"

गल्लीत केसांवर भांडी देणारी बाई आली की बायका फणीतून निघालेल्या केसांच्या गुंडाळ्या घेऊन धावायच्या. सुग्राबी कधी गेली नाही. "मायाकडं केसाचा एक चमचा बी नाही," असं ती हसून सांगायची. तिच्या गुंडाळ्या कागदाच्या पुड्यांत बांधून चाचांच्या पत्र्याच्या डब्यात जायच्या. ती गेल्यावरही चाचा एकेक पुडी उघडत राहिले. आता एकच उरली होती.

तिसऱ्या दिवशी वस्तऱ्याने हातावरचे केस साफ काढले. नखावर तो कुठे अडला नाही. पण सुग्राबीचा केस धारेवर टेकला आणि नुसता वाकला.

चाचांनी पुन्हा दगड ओला केला. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तेच. सहाव्या दिवशी त्यांनी वस्तरा मिटून फडक्यात बांधला.

"सदाशिवरावले फोन लाव, बेटा. सांग, घेऊन जा म्हणा. माया हात गेला."

वैष्णवीने फोन लावला नाही. चटईवर पडलेला केस तिने उचलला आणि दारातल्या उजेडात धरला. मग आपला एक केस तोडून त्याच्याशेजारी धरला. तिला लगेच दिसलं. सांगावं की नाही, हे मात्र समजेना. पण वस्तरा परत गेला असता, तर चाचांनी पुन्हा दगडाला हात लावला नसता.

"चाचा, हा केस लय बारीक हाये जी. म्हणून नुसता वाकते."

त्यांनी केस घेतला. दोन बोटांत फिरवला. त्यांची बोटं दगडाने जाड झालेली. त्यांना काय कळणार होतं? त्यांनी ती शेवटची पुडी मांडीवर घेतली.

"हे बीमारीतले," ते म्हणाले. "तवा ती उठत नोती. फणी मीच करून देत होतो."

त्यांनी पुडीचा कागद अंगठ्याने सारखा केला.

"रोज करत होतो. अन् मले दिसलं नाही."

त्यांनी पुडी डब्यात ठेवली, डबा फळीवर ठेवला आणि हात पुढे केला. "दे तुया."

तिचा केस धारेवर एके ठिकाणी पडला, दुसऱ्या ठिकाणी अडकून फाटला. चाचांनी भिंग लावून पाहिलं. धारेला बारीक खाचा पडल्या होत्या.

"धार तिसऱ्याच दिवशी होती, बेटा. मीच घासून घासून मोडली. आता पयल्यापासून."

पाच दिवस उरले होते. ते पुन्हा जाड दगडापासून बसले. वैष्णवी रोज सकाळी केस धुऊन, एक तोडून आणायची.

"दुकानाचं वजन बदललं," चाचा म्हणाले. "हे सरकारी वजन. तेल लावून खोटं करू नको."

नवव्या दिवशी टोकाकडच्या भागावर केस पडला. दहाव्या दिवशी सकाळी मधल्या भागावर पडला. इतका हलका, की तो खाली आलेला वैष्णवीला आधी कळलाच नाही. मुठीकडचा बोटभर भाग तेवढा राहिला होता.

"नमाज पढतो, जरा पडतो. चारले ये. घंट्याभराचं काम हाये."

ती चारला गेली. चाचा चटईवर कुशीवर झोपलेले होते. तिने हाक मारली. पुन्हा मारली. मग जवळ बसून हातात आणलेला केस ती नुसती बघत राहिली. तो कुठे ठेवावा, हे तिला सुचेना.

संध्याकाळी दफन झालं. सदाशिवराव आले होते. कबरस्तानातून परतल्यावर गल्लीच्या तोंडाशी थांबले. वस्तऱ्याचं विचारायची त्यांना लाज वाटत होती, हे दिसत होतं. वैष्णवीने आपणच सांगितलं, "काका, दोन भाग झाले. मुठीकडचं बोटभर राह्यलं."

"तू ये उद्या," ते म्हणाले. "न्हाव्याले तूच दाखव."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात तिने न्हाव्याला वस्तरा दाखवला. त्याने तिच्यासमोर तिन्ही ठिकाणी तिचा केस टेकवून पाहिला. दोनदा पडला.

"चामड्यावर मारून धार लावून देऊ का उरलेल्याले?" त्याने विचारलं. "होऊन जाईन."

"राहू दे," सदाशिवराव म्हणाले. "तेवढं सोडून चालव."

न्हाव्याने वस्तरा टोकाकडून चालवला. पोर आत्याच्या मांडीवर रडलं ते धरून ठेवल्यामुळे. टाळूवर एक ओरखडा आला नाही. जावळ निघालं, डोक्याला हळद लागली. सदाशिवरावांनी वस्तरा स्वतः धुतला, पुसला, मिटला आणि आत नेऊन ठेवला.

मुठीकडचा बोटभर भाग आजही बोथट आहे.